रत्नमालेचा पहिला ब्रेकर

रत्नमाला भालेराव मला कधी आवडली नाही. ती गेली म्हणून मी आता वेगळं सांगणार नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला लोणावळ्यातला हॉल भरला होता. पुण्याहून साहेब लोक आले होते. बुद्धवंदना झाली आणि मग एकेक जण उठून बोलला. कुणी म्हणालं हसतमुख, कुणी म्हणालं सगळ्यांना सांभाळून घेणारी. ती हसतमुख नव्हती. सांभाळूनही घेत नसे. चूक दिसली की चारचौघांत बोलायची, आणि बोलून झालं की आपण काही बोललो हेच विसरायची. मेलेल्या माणसाला लोक घासून घासून गुळगुळीत करतात.

शेवटी एक तरुण इंजिनीयर मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, माझा पहिला ब्रेकर टेस्टला फुटला. इतकी मोठी बाई स्वतःचं अपयश इतक्या मोकळेपणी सांगते, हे मी दुसरीकडे पाहिलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. तिचा नवरा पहिल्या रांगेत होता. त्यानं एकदा मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि परत तोंड फिरवलं. मी पदराची दशी ओढत बसले.

ते अपयश तिचं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले. पण एकदम तिथं जात नाही. आधी ती कशी होती ते सांगते.

आम्ही दोघी मावळातल्या वडिवळ्याच्या. तिची आई आमच्या खाचरात भातलावणीला यायची आणि ही बांधावर बसून राहायची. शाळेत मात्र आम्ही एका तरटावर बसायचो. गुरुजी तोंडी गणित घालायचे. माझा हात आधी वर जायचा, तिचा नंतर. हे मी फुशारकीनं सांगत नाही, तिनंही पुढं साहेबांसमोर ते सांगितलंय. पण एक फरक होता. मला उत्तर यायचं, ते कसं आलं हे सांगता यायचं नाही. तिला उशीर लागायचा, पण उत्तर कुठून आलं ते ती पायरी पायरीनं सांगायची. गुरुजी माझी पाठ थोपटायचे आणि ऐकायचे तिचं.

चौथी झाली. माझे वडील म्हणाले, आपल्या घरातल्या पोरी गाव सोडून शाळेला जात नाहीत. तिचा बाप रेल्वेत गँगमन होता. त्याच्याकडे एक खाचर नव्हतं. त्यानं पोरीला उचललं आणि लोणावळ्याला रेल्वेच्या खोलीत नेऊन शाळेत घातलं. आमच्याकडे बारा खाचरं होती, आणि मी त्या बारा खाचरांतच राहिले. जातीनं आम्ही वरचे, हे मला लहानपणापासून सांगितलेलं होतं. वरचे असून मी खाली आणि ती वर हे कसं, ते कुणी सांगितलं नाही.

पुढं तिची माझी गाठ पडली ती पंचवीस-तीस वर्षांनी. कामशेतजवळ एक कारखाना निघाला होता. तिथं विजेच्या मोठ्या लाईनींचे ब्रेकर बनवायचे. माझा नवरा भात लावायचा आणि उरलेलं वर्ष पत्ते खेळायचा, म्हणून मी कामाला लागले. काम पुसायचं. हसू नका, त्या कारखान्यात पुसणं हे मोठं काम होतं. एक खोली होती, तिला आम्ही बंद खोली म्हणायचो. तिच्यात धूळ नावाला नाही. पांढरा डगला, डोक्याला टोपी, पायाला पिशव्या, हातात मोजे घालून आत जायचं आणि ब्रेकरच्या टाकीत बसणारा एकेक भाग दोरा न सुटणाऱ्या कापडानं पुसायचा. बाया पुसायला बऱ्या, असं साहेबांचं मत होतं.

पहिल्या दिवशी आम्हा आठ-दहा बायांना रांगेत उभं केलं. समोरून एक चष्मेवाली बाई आली, हातात नकाशाची गुंडाळी. बरोबरचे पुरुष तिच्या मागं चालत होते. माझ्यापाशी येऊन ती थांबली.

"हौसे! तू हितं?"

मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, मॅडम."

"मॅडम काय म्हन्तीस? डोकं फिरलं का तुजं?"

"हितं तुमी मॅडमच."

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं. मग कपाळाचं पुसून ये. बंद खोलीत कुंकू चालत न्हाई."

माझ्या शेजारी शेवंता उभी होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "अगं बया, सवाष्णीला कुंकू पुसाया सांगती!"

रत्नमाला म्हणाली, "टिकली लावा. टिकली झडत न्हाई, कुंकू झडतं. तुमच्या नवऱ्यांवर माजा राग न्हाई."

बाया हसल्या. मीही हसले असते, पण ती बोलली म्हणून हसले नाही.

तिच्या दोन बोल्या होत्या. साहेबांशी पुण्याची, आमच्याशी मावळची. एका वाक्यात इकडून तिकडे जायची, रूळ बदलल्यासारखी, आणि कुठं खडखडाट नाही. माझ्याकडे एकच बोली. मी साहेबांशी बोलायला लागले की ते हसू दाबायचे.

तिला टोक चालत नसे. हातात काही आलं की करंगळीच्या पेरानं त्याची कड चाचपायची. टाकीतल्या भागाला केसाएवढी धार लागली तरी परत पाठवायची. "वीज टोकाला गोळा व्हती," म्हणायची, "गोल करा, मंजी तिला बसाया जागा न्हाई." हे कारखान्यात ठीक होतं. पण शेवंताच्या पोरीच्या लग्नात पंगतीला बसली तर ताटाची कड चाचपत बसली. वाढपी भाताचं भांडं घेऊन ताटकळला.

शेवंता म्हणाली, "मॅडम, त्यात वीज न्हाई, वरण हाय. जेवा."

ती जेवली. पण ताट फिरवून, धारेची बाजू पलीकडे करून जेवली. असली माणसं सोसायला अवघड असतात. बरोबर असतात म्हणून जास्त अवघड.

ब्रेकर म्हणजे काय, हे आम्हाला तिनंच सांगितलं. इतर इंजिनीयर सांगायचे तेव्हा आम्हाला फक्त माना हलवता यायच्या. ती जेवणाच्या सुट्टीत आमच्यात येऊन बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "घरातलं बटण बंद करताना बारीक ठिणगी दिसती का?"

"दिसती."

"मोठ्या लाईनीचं बटण उघडलं की तीच ठिणगी पेटती ती विझतच न्हाई. दोन टोकं लांब केली तरी मधल्या हवेतनं वीज वाहती. तिकडं कुटं तरी तार तुटून पडलीय, आन् बटण उघडूनबी वीज चालूच. मग?"

"मग पाणी मारायचं," शेवंता म्हणाली.

"पाणी मार आन् तूबी जा त्यासंगं." ती म्हणाली, "फुंकणी हाय का घरी? तिनं आपण चूल पेटवतो. ब्रेकरमंदी उलटं. टोकं लांब व्हताना एक दट्ट्या गॅस दाबतो आन् नळीतनं तो ठिणगीवर फुंकर मारतो. पण कवाबी फुंकून चालत न्हाई. आपली वीज दम घेती. एका सेकंदात शंभर बारी दम घेती. ती दम घेईल तवाच फुंकर पोचली पायजे. तेवढंच माजं काम."

तेवढंच! मी डब्यातली भाकरी मोडत होते ती तशीच हातात राहिली. मला लगेच समजलं होतं. बाकीच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर तो दट्ट्या, ती नळी, ती फुंकर सगळं उभं राहिलं होतं. मी म्हटलं, "मंजी नळी लय रुंद झाली तर फुंकर पसरंल, आन् अरुंद झाली तर कोंडंल."

रत्नमाला माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "व्हय. त्यावर मी दोन वर्सं घालवली."

तिनं ते कौतुकानं म्हटलं असेल. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. दोन वर्षं तिला मिळाली. मला कापड मिळालं.

एकदा कारखान्यात घरच्या माणसांना बोलावलं होतं. तिनं काचेच्या पेटीत तो गॅस भरला. डोळ्यांना पेटी रिकामीच दिसत होती. मग चांदीच्या कागदाची होडी करून आत सोडली आणि होडी अधांतरी तरंगत राहिली. गॅस हवेपेक्षा पाचपट जड, म्हणून. माझ्या नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. घरी येऊन महिनाभर तेच: "ती बाई लय हुशार हाय." मी ह्याच्या पोटापाण्यासाठी रोज त्याच टाक्या आतून पुसत होते. त्याला होडी दिसली.

आता खंडेनवमीचं सांगते.

तिनं स्वतः पहिल्यापासून आखलेला पहिला ब्रेकर तयार होत होता. आधीचे सगळे परदेशातल्या नकाशांवरून केलेले. हा तिचा. टाकीच्या आत मधोमध वीज वाहणारा दांडा असतो. तो टाकीला कुठंही टेकता कामा नये, म्हणून त्याला चहाच्या रंगाच्या एका जाड, खोलगट तबकडीत धरतात. आम्ही तिला थाळी म्हणायचो. ही थाळी तिनं नेहमीपेक्षा पातळ आणि लहान केली होती. थाळी लहान म्हणजे टाकी लहान, टाकी लहान म्हणजे सगळा ब्रेकर हलका. साहेबांना धाकधूक होती. ती म्हणायची, "पुरंल. मी मोजलंय."

खंडेनवमीला सगळीकडे यंत्रांची पूजा होते. आमच्याकडेही हार आले, नारळ आले. रत्नमाला बंद खोलीच्या दारात हात आडवा धरून उभी राहिली. "पूजा भाईर करा. हळदकुंकू भाईर, नारळाचं पाणी भाईर. आत कायबी येणार न्हाई."

शेवंता पुटपुटली, "तिच्यात पूजा नसंल. आपल्या मशीननं काय पाप केलं?"

बाहेर पूजा झाली, आम्ही एकमेकींना कुंकू लावलं, आणि सण म्हणून ते न पुसता टोपी खाली ओढून आत गेलो. त्या दिवशी टाकी बंद व्हायची होती. शेवटची थाळी पुसायला माझ्याकडे होती. मी पुसली. दोनदा पुसली. अशी पुसली की तिच्यात माझं तोंड दिसत होतं.

मग मी मोजा काढला, टोपीखाली बोट घातलं, माझ्या कपाळाचं कुंकू बोटाला घेतलं आणि थाळीच्या कडेला मसुराएवढा टिळा लावला.

का, ते मी स्वतःला बरीच वर्षं वेगवेगळं सांगितलं. नव्या चुलीला लावतो, नव्या जात्याला लावतो, नव्या गाडीला लावतो, मग ह्याला का नाही, असं सांगितलं. ते खोटं नाही. पण खरं कारण निराळं. ती वस्तू आता बंद होऊन कुठल्या तरी मोठ्या स्टेशनात जाणार, तीस-चाळीस वर्षं काम करणार, आणि तिच्या आतलं सगळं रत्नमालेचं असणार. आत एवढंसं तरी माझं असावं, असं मला वाटलं. झाकण बसलं. बोल्ट आवळले. मला फार बरं वाटलं.

आठ दिवसांनी ब्रेकर टेस्टहून परत आला. लाईनीत असते त्याच्या कितीतरी पट वीज त्याच्यावर सोडतात. तो टिकला नव्हता. टाकी उघडली तर कुजक्या अंड्यासारखा वास, आत सगळीकडे पांढरी भुकटी, आणि थाळीवर कडेपासून मधल्या दांड्यापर्यंत काळ्या मुळ्या उमटलेल्या. मी लांबून पाहिलं. मुळ्या जिथून सुटल्या होत्या ती जागा मला माहीत होती. तिथं आता फक्त काजळी होती.

मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, थाळी कमी पडली. मी म्हणत होतो."

ती म्हणाली, "मला एक दिवस द्या."

तिनं आम्हा बायांना एकेकीला बोलावलं. आत काही पडलं होतं का, कापड फाटलं होतं का, कुणाचा केस, कुणाची बांगडी? सगळ्या नाही म्हणाल्या. मला शेवटी बोलावलं. टेबलावर ती थाळी होती आणि ही तिच्यासमोर बसली होती, मयतापाशी बसावं तशी.

"हौसे, ही तू पुसलीस."

"व्हय."

"बाकीच्यांचं मी परत बघती. तुजं मी कवाच परत बघत न्हाई. तुला ठावं हाय?"

मला माहीत नव्हतं.

"खरं सांग. साफ व्हती का?"

मी म्हटलं, "साफ व्हती."

तिनं थाळी बाजूला सारली. मग म्हणाली, "मग माजंच चुकलं." आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोलले. घरात माझाच पगार होता. पण हे लिहितेय तर सगळंच लिहिते. तिच्या टेबलापाशी मला भीती वाटली, आणि जिना उतरताना मला आनंद झाला. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले. जिला कधी काही चुकत नव्हतं तिला चुकलं होतं. कारखान्यातले पुरुष चहाच्या टपरीवर बोलायला लागले, बाईमाणसाला एवढं मोठं काम द्यायला नको होतं. आणखीही बोलले, ती कुठल्या वस्तीतली त्यावरून. मी तिथंच चहा पीत उभी होते. ऐकून घेतलं.

तिचं काम काढून घेतलं. पुण्याहून दुसरा इंजिनीयर आणला आणि हिला दुसऱ्यांचे नकाशे तपासायला बसवलं. दोन वर्षं ती खाली मान घालून रेघांवर खुणा करत बसली. आमच्यात डबा खायला यायची, वर्षभरानं तेही बंद झालं.

मग पुण्याचा इंजिनीयर नोकरी सोडून गेला आणि काम परत तिच्याकडे आलं. ह्या वेळी तिनं थाळी जाड केली, रुंद केली. टाकी मोठी झाली, ब्रेकर बैलासारखा जड झाला. तळाला एक खाच ठेवली, चुकून धुळीचा कण आत राहिलाच तर तो तिथं जाऊन पडावा, हलू नये. म्हणाली, "माणूस चुकणारच, असं धरून आखायचं." तो ब्रेकर पास झाला. पुढं तसेच शेकड्यांनी बनले. साहेबांनी तिचा सत्कार केला आणि त्या खाचेचं फार कौतुक झालं. म्हणजे चूक मी केली, खोटं मी बोलले आणि शाल तिला मिळाली. माझा जळफळाट झाला. ह्यात न्याय-अन्याय शोधू नका, मी झालं ते सांगतेय.

त्यानंतर तिला ती सवय लागली. नवी माणसं आली की त्यांना बंद खोलीत उभं करायची आणि सांगायची, "माझा पहिला ब्रेकर टेस्टला फुटला. मी मोजलं होतं, आणि माझं मोजणं चुकलं. कुठं चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही. म्हणून तुम्ही दुप्पट मोजा." दरवर्षी. मी मागं कापड घेऊन उभी असायचे. लोकांना तो मोठेपणा वाटायचा. मला दिसायचं, ती "सापडलेलं नाही" म्हणताना तिची करंगळी डगल्याच्या कडेवर फिरायची. सेवा संपली त्या दिवशीच्या भाषणातही तेच बोलली. जुने कागद घरी नेते म्हणाली, बसून शोधीन.

मी तिच्या एक वर्ष आधी घरी बसले होते. नवरा गेला, सुना आल्या, मी भाकऱ्या थापत राहिले. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शेवंता सांगत आली, "रत्नमालेचं काय खरं न्हाई गं. काठीसारखी झालीय."

मी रविवारी निघाले. दया आली म्हणून नाही. ती गेली तर हे कायमचं माझ्या एकटीपाशी राहील, आणि ते मला नको होतं. ती लोणावळ्यातच राहायची. भुशी धरणाच्या रस्त्याला नेहमीची गाड्यांची रांग. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, हितनं चालत लवकर पोचशीला." मी उतरून चालत गेले.

ती ओट्यावर खुर्चीत बसली होती, शेजारी काठी टेकवलेली. मांडीवर पिवळे पडलेले कागद होते. नवरा आत स्वयंपाकघरात होता, रेल्वेतून निवृत्त झालेला, मुका वाटावा इतका कमी बोलणारा माणूस. मी पायरीवर बसले. पाणी प्याले आणि लगेच म्हटलं. थांबले असते तर परत आले असते.

"रत्ने, तुजा पहिला ब्रेकर फसला न्हवता."

"काय?"

"थाळीला मी कुंकू लावलं व्हतं. नवमीला. टाकी बंद व्हायच्या आधी."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती पुढं वाकली आणि म्हणाली, "कुटं?"

"काय कुटं?"

"थाळीला कुटं? मधी का कडंला?"

"कडंला."

"आतल्या अंगाला? जितं थाळी टाकीला टेकती तितं?"

"व्हय."

"केवढं?"

"मसुराएवढं."

"कोरडं का वलं?"

"कपाळावरचं घेतलं. घाम आलेला, वलंच व्हतं."

"घाम," ती म्हणाली. "मंजी मीठ." मग आत तोंड करून ओरडली, "अहो! पातेल्याचं झाकण आणा. आन् तिखट आणा. आन् मीठ."

नवरा तिन्ही घेऊन आला आणि उभा राहिला. "कशाला हवंय?"

"थांबा वो." तिनं झाकण माझ्या हातात दिलं. "लाव. तवा लावलंस तसं. त्याच जागंला."

मी तिखट-मीठ पाण्यात कालवलं आणि बोटानं झाकणाच्या कडेला टिळा लावला. तिनं झाकण डोळ्यांजवळ नेलं. टिळ्यापासून मधल्या मुठीपर्यंत बोटानं वाट काढत गेली, परत आली, परत गेली. तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होती. नवरा आणि मी दोघं तिच्याकडे बघत होतो, आणि आम्ही तिथं नसतो तरी तिला फरक पडला नसता.

मग ती म्हणाली, "समद्यात वंगाळ जागा. लावायचंच व्हतं तर मधी तरी लावायचं, हौसे."

"मला काय ठावं?"

"तुला न्हाई तर कुणाला ठावं असणार?" ती म्हणाली. हे ती चिडून बोलली. त्या दिवशीचा तिचा पहिला राग तो. मग मांडीवरचे कागद उचलले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पुरली असती. पातळ थाळी पुरली असती. मी उगाच जाड केली. एवढी वर्सं उगाच जड ब्रेकर बनवले."

नवरा आत गेला. ती माझ्याकडे वळली.

"का लावलंस?"

"तुज्या वस्तूत माजं कायतरी असावं म्हनून."

"आन् गप का बसलीस?"

"नोकरी गेली असती." मी थांबले. पण तिथंवर गेले होते. "आन् तू चुकलीस असं समदी म्हनत व्हती. बरं वाटत व्हतं मला."

"किती दिस बरं वाटलं?"

"वरीसभर. तू डबा खायला यायची बंद झालीस तवापतूर."

तिनं हातातले कागद परत मांडीवर ठेवले. तिचा चेहरा वाचायला मला कधीच जमलं नव्हतं. मग म्हणाली, "जा आता, हौसे."

मी उठले. तिनं माफ केलं का, मला माहीत नाही. पुढं चार महिन्यांनी ती गेली, आणि ही गोष्ट तिनं घराबाहेर कुणाला सांगितली नाही, हे मला त्या हॉलमध्ये कळलं. मला वाचवायला गप्प राहिली, की तिला उत्तर हवं होतं ते मिळालं आणि लोकांचं तिला काही पडलं नव्हतं? विचारायला ती उरली नाही. म्हणून मी सांगतेय. तिनं नीट मोजलं होतं.

त्या दिवशी फाटकाशी पोचल्यावर मी मागं वळून पाहिलं. ती खुर्चीतून उठली होती, काठी न घेता. एका हातानं ओट्याचा खांब धरला होता आणि दुसऱ्या हातानं ते झाकण उन्हाकडे धरून तिरकं करून बघत होती. "अहो," ती आत हाक मारत होती, "लवकर या, हे बघा, हितनं गेली ती!" आवाज असा होता की ती आजारी आहे असं कुणी म्हटलं नसतं. नवरा हात पुसत बाहेर आला आणि दोघं त्या झाकणावर वाकली. मी फाटकाची कडी मुद्दाम वाजवून लावली. तिनं वर बघितलं नाही.